दोन पंगती बसवा, पण टब मापात घ्या: वाढत्या घरासाठी हॉट टब निवडताना

दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "घरात माणसं किती?" आणि या प्रश्नाला आपण कधी सरळ उत्तर देत नाही. तसे आम्ही पाच: मी, नवरा, मुलगी, धाकटा आणि सासूबाई. पण दिवाळीत ठाण्याहून दीर-जाऊबाई दोन मुलांसह येतात, मे महिन्यात नणंद येते, नवऱ्याचे ट्रेकचे मित्र कधी टपकतील सांगता येत नाही. मोजता मोजता नवरा अकरावर पोहोचला आणि आठ सीटरचं कोटेशन घेऊन घरी आला. पुण्यात बावधनला आमचं रो-हाउस आहे, मागे चौदा बाय अकरा फुटांचं अंगण. आठ सीटर तिथे बसला असता हो, पण मग कपडे वाळत घालायला शेजारी जावं लागलं असतं.

शेवटी घेतला तो २०० बाय २०० सेंटिमीटरचा, साधारण ११०० लिटरचा. हे ठरायला तीन महिने लागले, त्यातले दोन चुकीच्या गोष्टी मोजण्यात गेले. पुढे जो क्रम दिलाय तो आम्हाला उलटा कळला, तुम्ही सुलटा वापरा.

आधी नावाचा घोळ मिटवते. आपल्याकडे बुडबुडेवाल्या कुठल्याही टबला जकुझी म्हणतात. जकुझी हे मुळात आडनाव. इटलीहून अमेरिकेत गेलेल्या या कुटुंबातल्या कँडिडो जकुझींनी संधिवात असलेल्या आपल्या मुलासाठी आंघोळीच्या टबात सोडायचा पंप तयार केला आणि १९५६ पासून तो बाजारात आला. बाथरूममधला टब दर वेळी भरायचा, आंघोळ करायची, सोडून द्यायचा. हॉट टबचं तसं नाही. तो एकदा भरला की तेच पाणी गाळत, गरम ठेवत, औषध टाकत कित्येक आठवडे वापरायचं. आकाराचा सगळा हिशेब या एका फरकावर उभा आहे, म्हणून तो पक्का डोक्यात ठेवा.

पहिली पायरी: मंगळवारची डोकी मोजा

दिवाळीची नको, सुट्टीतली नको. डिसेंबरातला एखादा साधा मंगळवार डोळ्यांपुढे आणा. ऑफिसातून कोण किती वाजता येतं, मुलांचे क्लास कधी सुटतात, आणि रात्री साडेआठला खरोखर कपडे बदलून अंगणात कोण उतरणार? आमच्याकडे हा आकडा निघाला तीन. शनिवार-रविवारी चार. सासूबाई "बघू" म्हणाल्या, म्हणजे पाय बुडवून काठावर बसणार.

हा आकडा काढायचा एक सोपा मार्ग आहे. पालीच्या गणपतीला जाल तेव्हा जवळच उन्हेरे आहे, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडाशी सगळ्यांना घेऊन जा. कोण आनंदाने बसतं, कोण दोन मिनिटांत "पुरे झालं" म्हणतं, कोण नुसतं फोटो काढतं, ते तिथे कळतं. लाखाच्या घरातला खर्च करण्याआधी अर्ध्या दिवसाची ही सहल स्वस्तात पडते.

मग पाहुण्यांचं काय? त्यांना पंगत आहे ना. आपल्या घरात लग्नाचं जेवणसुद्धा पंगतीपंगतीने होतं, पन्नास पाटांचं जेवणघर कोणी बांधत नाही. हॉट टबला तर पंगत फारच शोभते, कारण त्यात तास-तास बसायचंच नसतं. पाण्याचं तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर कधीही नेऊ नये, आणि तेवढ्या पाण्यात धडधाकट माणसानेही पंधरा-वीस मिनिटांत बाहेर यावं. पहिली पंगत मुलांची, कोमट पाण्यात. मग तापमान वाढवून दुसरी मोठ्यांची. दिवाळीचे चार दिवस असे छान निघतात. त्या चार दिवसांसाठी उरलेले ३६१ दिवस आठ माणसांचं पाणी तापवत बसणं हा खरा उधळेपणा.

कुटुंब वाढतं आहे म्हणून मोठा घ्यावा, हा युक्तिवाद मात्र नीट तपासून बघा, कारण तो अर्धा खरा आहे. चांगला ॲक्रिलिकचा टब दहा वर्षं तरी धरावा. आज चार वर्षांचं पोर तेव्हा चौदाचं होईल आणि त्याचे पाय बापाच्या पायांएवढे लांब असतील. पण सतरा-अठराला ते हॉस्टेलवर जाईल. आजची सत्तरीची आजी तेव्हा ऐंशीची असेल आणि बहुधा टबात उतरणार नाही. म्हणजे दहा वर्षांतला सर्वांत गर्दीचा काळ तीन-चार वर्षांचाच असतो. त्या काळातला रोजचा आकडा धरा आणि तिथेच थांबा. आमचा चार आला.

दुसरी पायरी: रांगोळीने टब काढा

कॅटलॉगमधला 'सहा सीटर' हा शब्द एसटीतल्या तीन जणांच्या बाकासारखा असतो. बसतात तीन, पण सुखाने दोन. आम्ही एका शोरूममध्ये सहा सीटरमध्ये कोरडेच बसून बघितलं. चौघे बसल्यावर माझे गुडघे समोरच्या जाऊबाईंच्या गुडघ्यांना लागत होते, आणि विक्रेता शांतपणे म्हणाला, "मॅडम, पाण्यात लागत नाही." पाण्यातही लागतं.

म्हणून घरी येऊन हे करा. गच्चीवर किंवा अंगणात टबचं बाहेरचं माप रांगोळीने आखा. बाजूंना भिंतीची जाडी असते, ती जवळपास १५ ते २० सेंटिमीटर प्रत्येक बाजूने आत घ्या आणि दुसरा चौकोन काढा. त्याच्या कडेने पाट किंवा बुटकी स्टुलं मांडा, सगळ्यांना बसवा, पाय मधे सोडायला सांगा. एका मोठ्या माणसाला खांद्यांपाशी ५५ ते ६० सेंटिमीटर रुंदी लागते. खरी अडचण खांद्यांची नाही, पायांची असते. मधला खड्डा सगळ्यांचा सामायिक, आणि तिथे चार जोड्या पाय आले की हालचाल संपली. दहा मिनिटं तसंच बसून गप्पा मारा. कुरकुर सुरू झाली की माप लहान आहे.

या खेळातून जे आकडे साधारण निघतात ते असे. बाहेरून १६० सेंटिमीटरच्या आसपासचा टब दोघांचा, फार तर एक लहान मूल जास्त, पाणी ६००-७०० लिटर. २०० ते २१० सेंटिमीटरचा चौघांचा, एखाद्या वेळी पाच, पाणी १००० ते १३०० लिटर. २२० ते २३० सेंटिमीटरचा सहा जणांचा, पाणी १५०० लिटर किंवा त्याहून जास्त. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण छापील सीटमधून एक-दोन वजा केल्यावर जो आकडा राहतो तो खरा.

आडवं पडायची लांबलचक सीट, जिला लाउंजर म्हणतात, ती मुलं असलेल्या घरात घेऊच नका. ती दोन माणसांची जागा खाते, बुटक्या माणसाला त्यावर धरून बसावं लागतं कारण पाणी त्याला वर उचलतं, आणि "आज माझा नंबर" हे भांडण रोज नव्याने होतं. सगळ्या बाजूंनी बसायच्या जागा, त्यातही एक-दोन उंच आणि एक-दोन खोल, असा टब वाढत्या घराला बरा. उंच जागेवर आज लहान बसेल, खोल जागेवर उद्या तोच बसेल.

तिसरी पायरी: खाली काय आहे?

आता ही पायरी सावकाश वाचा. बाकी चुका पैशांच्या असतात, इथली चूक स्लॅबची असते.

पाणी किती जड असतं हे आपल्याला हंडा उचलल्याशिवाय जाणवत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. आमचा टब रिकामा २८० किलोच्या आसपास, पाणी ११०० किलो, त्यात माणसं ३०० किलोची धरा. झाले १६८० किलो. जागा चार चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ४२० किलो.

आता गच्ची. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात इमारतीवर वापराचा किती भार धरून डिझाइन करायचं ते दिलेलं आहे. राहत्या घराच्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास २०० किलो. ये-जा असलेल्या गच्चीसाठी १.५ किलोन्यूटन, म्हणजे दीडशेच्या आसपास. ४२० आणि १५० हे आकडे शेजारी शेजारी लिहून फ्रिजवर लावा. "आमची बिल्डिंग मजबूत आहे, गणपतीत सगळी गच्ची भरते" असं कोणी म्हणालं तर त्याला फ्रिजकडे बोट दाखवा. माणसं येतात आणि जातात, टब वर्षानुवर्षं एकाच जागी बसतो.

इथे जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो, आम्हीही केली. गच्चीला झेपत नाही म्हणून लहान टब घेऊ, असं वाटतं. करून बघा हिशेब: दोघांचा टब, १६० बाय १६०, जागा अडीच चौरस मीटर, एकूण वजन ९८० किलो. चौरस मीटरला ३८० किलोच्या वरच. फरक जवळपास नाहीच. कारण चौरस मीटरमागचा भार टबाच्या लांबी-रुंदीवर नाही, पाण्याच्या खोलीवर ठरतो. ३० सेंटिमीटर खोल पाण्याचे चौरस मीटरला ३०० किलो होतात, मग टब केवढाही असो. लहान टबाचा फायदा एवढाच की एकूण वजन कमी असल्यामुळे तो बीमवर किंवा कॉलमच्या जवळ बसवता येण्याची शक्यता वाढते. ती जागा कोणती, आणि आहे का, हे फक्त स्ट्रक्चरल इंजिनिअर इमारतीचे आरसीसी नकाशे बघून सांगू शकतो. दुकानदार नाही, बिल्डरचा सुपरवायझर नाही, सिव्हिलला शिकलेला भाचा तर नाहीच नाही. लेखी घ्या. सोसायटीत असाल तर तेच पत्र कमिटीपुढे ठेवावं लागेल, त्याशिवाय एनओसी मागायलाही जाऊ नका.

गच्चीवर आणखी एक भानगड असते. पुण्यातल्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर वॉटरप्रूफिंगसाठी ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, घातलेला असतो. तो स्वतःच जड, आणि त्यावर टबाचं वजन चार-सहा ठिकाणी टेकलं तर तो तडकतो. जूनमध्ये खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते आणि मग पुढची पाच वर्षं लिफ्टमध्ये त्या काकांकडे बघता येत नाही.

टेरेस फ्लॅटवाल्यांसाठी माझं मत सरळ आहे: इंजिनिअरने स्पष्ट हो म्हटलं नाही तर हवा भरायचा टबसुद्धा नको. तो स्वतः हलका असतो, पण त्यातलं पाणी हलकं नसतं. चार जणांचा म्हणून मिळणारा गोल टब बाहेरून १८० सेंटिमीटरचा, पाणी ८०० लिटरपर्यंत. चौरस मीटरला ३०० किलो नुसत्या पाण्याचे.

जमिनीवर ठेवणारे सुखी, पण त्यांनाही काम आहे. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर दोन वर्षांत प्लिंथ, म्हणजे टबाखालचा चौथरा, एका बाजूला कलतो, आणि कललेल्या टबात पाणी एका कोपऱ्याला चढतं. माती काढून मुरूम भरा, ठोकून बसवा, त्यावर सळ्या घालून दहा ते पंधरा सेंटिमीटरचं सपाट काँक्रीट. प्लिंथ टबापेक्षा सगळीकडून थोडा मोठा ठेवा. पंप आणि हीटर ज्या बाजूला आहेत त्या बाजूला मेकॅनिकला मांडी घालून बसता येईल एवढी, म्हणजे ९० सेंटिमीटर, जागा सोडा. आम्ही ६० सोडली. आता दर सर्व्हिसिंगला तुळशीवृंदावन हलवावं लागतं आणि सासूबाई प्रत्येक वेळी बोलतात.

चौथी पायरी: पाणी कुठून येणार, कुठे जाणार?

११०० लिटर म्हणजे घरावरच्या हजार लिटरच्या टाकीपेक्षाही जास्त. शहरात दरडोई दिवसाला १३५ लिटर पाणी धरण्याचा दंडक आहे, म्हणजे पाच जणांच्या घराचं दीड दिवसाहून जास्तीचं पाणी एका झटक्यात टबात. खडकवासल्याचं पाणी नियमित येत असेल तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा हे जमतं. पण पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे, आणि वाघोली, उंड्री, सूस अशा कडेच्या भागांत कित्येक सोसायट्या टँकरवर चालतात. अशा ठिकाणी मोठा टब घेण्याआधी सोसायटीच्या टँकरचं बिल बघा. आणि उन्हाळ्यात पाणीकपात जाहीर झाल्याच्या आठवड्यात टब धुऊन भरू नका. कायदा बाजूला ठेवा, प्रश्न शेजाऱ्यांचाही आहे.

बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षार हा आणखी एक विषय. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच टबाच्या हीटरवर बसतो, फक्त तिथलं कॉइल बदलायला अंगणात माणूस बोलवावा लागतो. भरण्याआधी पाण्याचा जडपणा तपासून घ्या. महापालिकेचं आणि बोअरचं अशी दोन्ही कनेक्शन्स असतील तर टबाला महापालिकेचंच.

आता तो प्रश्न जो मला कोणी सांगितला नाही: लहान टबातलं पाणी लवकर खराब होतं. पाणी कधी बदलायचं याचा एक साधा हिशेब आहे. टबाचे लिटर भागिले ११, आणि जे येईल ते रोज बसणाऱ्या माणसांच्या संख्येने भागा. उत्तर दिवसांत येतं. ११०० लिटरच्या टबात रोज चौघे बसले तर २५ दिवस. तेच चौघे ६५० लिटरच्या टबात कोंबले तर १५ दिवसांच्या आत. माणसं कमी बसत असली तरी तीन महिन्यांच्या वर पाणी ठेवू नये. म्हणजे पाणी वाचवायला फार लहान टब घेतला तर पाणी वारंवार बदलावं लागतं आणि औषधाचं प्रमाण रोज वरखाली होतं. फार मोठा घेतला तर प्रत्येक बदल महाग. मधे कुठेतरी आपलं माप असतं, आणि ते मंगळवारच्या आकड्यावरूनच निघतं.

औषध म्हणजे क्लोरीन किंवा ब्रोमीन. गरम पाण्यात क्लोरीन पोहण्याच्या तलावापेक्षा लवकर उडतं, म्हणून ते जास्त लागतं: लिटरला किमान ३ मिलिग्रॅम. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये. टेस्ट स्ट्रिप पाण्यात बुडवून रंग जुळवायचा, दहा सेकंदांचं काम, पण ते रोजचं काम आहे. आमच्याकडे ते मुलीला दिलंय, तिला रंग जुळवायला आवडतात. कोमट, साचलेल्या पाण्यात औषध नसेल तर लिजिओनेलासारखे जंतू वाढतात, आणि त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात जातात. त्यामुळे "आज राहू दे" चालत नाही.

आणि दिवाळी! अभ्यंगस्नान टबात नाही. तेल लावलेलं एक अंग टबात गेलं की फिल्टर चिकट होतो, उटण्याचे कण पाण्याचा झोत सोडणाऱ्या जेटमध्ये अडकतात, साबणाचा फेस पंप चालू केल्याबरोबर काठावरून उतू जातो. पहिल्या वर्षी पुतण्याने पहाटे तेल-उटण्यासकट उडी मारली. नरक चतुर्दशीला ११०० लिटर पाणी सोडून देण्याचा मान आमचा. आता नियम आहे: आधी आत बाथरूममध्ये स्वच्छ आंघोळ, केसांचं तेलसुद्धा धुऊन, मगच टब.

सोडलेलं पाणी कुठे जाणार तेही आधीच ठरवा. क्लोरीनचं पाणी पर्जन्यजल पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडायचं नाही, सरळ झाडांनाही नाही. औषध टाकणं थांबवून, कव्हर उघडं ठेवून दोन-तीन दिवस गेले, स्ट्रिपवर क्लोरीन शून्य दिसलं, की बागेला चालतं.

पाचवी पायरी: विजेचं बिल आधीच वाचा

हिवाळ्यात पुण्याचं नळाचं पाणी वीस अंशांच्या आसपास धरा, टब ३८ वर हवा. अठरा अंश चढवायला हजार लिटरला २१ युनिट लागतात. हा पाण्याचा गुणधर्म आहे, कुठल्याही कंपनीचा हीटर यात सूट देत नाही. ११०० लिटरला २३ युनिट, १५०० लिटरला एकतीसच्या वर. तीन किलोवॅटचा हीटर असेल तर आमच्या टबाला आठ तासांच्या आत-बाहेर आणि १५०० लिटरला साडेदहा तास. म्हणजे मोठा टब संध्याकाळी चालू केला तर रात्री पाहुणे झोपल्यावर तापतो.

महावितरणच्या घरगुती बिलाचे टप्पे ठाऊक आहेतच: शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि पुढे. टब तुम्हाला वरच्या टप्प्यात ढकलतो, त्यामुळे जादा युनिटचा दर तुमच्या आत्ताच्या सरासरी दरापेक्षा चढा धरा. बिलावरचा 'मंजूर भार' बघा. हीटर आणि पंप मिळून चार-पाच किलोवॅट सहज होतात, त्यातच गीझर आणि इंडक्शन चालू झालं की एमसीबी पडतो. भार वाढवायचा अर्ज टब यायच्या आधी करा. मोठ्या टबाला मीटरपासून वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. पुण्यातल्या तपकीर गल्लीत सगळं सामान मिळतं, बसवायला मात्र परवानाधारक वायरमन बोलवा. ओल्या अंगाने माणूस विजेच्या यंत्रात बसणार आहे, इथे काटकसर नको.

गच्चीवर पाणी तापवणारा सोलर असेल तर ती मोठी सोय. ६० अंशांचं २०० लिटर पाणी २० अंशांच्या ८०० लिटरमध्ये मिसळलं की सगळं २८ वर येतं, नऊ युनिटच्या वर वाचतात. आधी गार पाणी भरा, मग गरम सोडा. उलट केलं तर टबाला चटका बसतो.

कव्हर जाड आणि घट्ट घ्या. उष्णता वर वाफेतून जाते, बाजूंनी कमी. आणि कव्हर पावसाळ्यात दुसऱ्या कामाला येतं. वापरात नसलेला उघडा टब म्हणजे डासांचा पाळणा. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचे लोक साचलेलं पाणी तपासत फिरतात, त्यांच्या नोटिशीत तुमचा हॉट टब नोंदवला जाऊ नये.

सहावी पायरी: मुलं आणि आजी

पाच वर्षांखालच्या मुलाला हॉट टबात घेऊ नये. त्याचं अंग भराभर तापतं आणि त्याला ते सांगता येत नाही. त्याहून मोठ्या मुलांसाठी पाणी ३८ च्या खाली, पाच ते दहा मिनिटं, खांदे बाहेर, मोठं माणूस हाताच्या अंतरावर. म्हणून पहिल्या पायरीवरच्या मोजणीत चार वर्षांच्या धाकट्याला मी "पुढच्या वर्षी" या खान्यात लिहिलं. गरोदर सुनेला, रक्तदाबाचं किंवा हृदयाचं औषध चालू असलेल्यांना आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला पाणी किती गरम आहे ते पायाने कळत नाही, त्यांना काठावर पाय सोडून बसायलाही थर्मामीटर बघूनच सांगा.

मोठ्या टबाची भिंत ९० सेंटिमीटरपर्यंत उंच असते. सासूबाईंना ती चढणं म्हणजे कंबरेची परीक्षा. ७५-८० सेंटिमीटरची मॉडेल्स मिळतात, बसायला थोडी उथळ, पण घरात दोन टोकांची वयं असतील तर तीच बघा. दोन रुंद पायऱ्या आणि भिंतीला पक्का कठडा. लांब केस आंबाड्यात बांधूनच उतरायचं, कारण पाणी खेचणाऱ्या जाळीत केस अडकतात. जाळी तुटलेली किंवा सैल दिसली तर दुरुस्त होईपर्यंत टब बंद.

सातवी पायरी: आत येणार कसा?

पेठेतल्या वाड्यात किंवा जुन्या बंगल्यात राहत असाल तर हाच प्रश्न पहिला. ॲक्रिलिकचा टब एकसंध असतो, उभा करून आडव्या कडेने नेतात. म्हणजे फाटक त्याच्या उंचीपेक्षा रुंद हवं, ९० सेंटिमीटरच्या टबाला मीटरभर तरी, आणि वर सव्वादोन मीटर मोकळं. ग्रिल, केबलची वायर, जास्वंदीची फांदी, सगळं मोजा. फ्लॅटच्या दारातून तो येत नाही, लिफ्टमध्ये तर नाहीच, आणि क्रेन आणायची तर गल्लीत तिचे पाय पसरायला जागा हवी. आमच्या फाटकातून आला, पण फाटक बिजागरीतून काढून.

मन होत नसेल तर एक हिवाळा हवा भरायचा टब वापरून बघा, जमिनीवर. हीटर दोन किलोवॅटच्या आसपास असल्यामुळे तापायला वेळ लागतो, जेटऐवजी नुसते बुडबुडे असतात, पण आपल्या घरात खरंच कोण किती बसतं ते चार महिन्यांत कळतं. होळीनंतर गुंडाळून माळ्यावर.

ऑर्डर देताना कोटेशनवर चार गोष्टी आकड्यांत लिहून घ्या: बाहेरची लांबी-रुंदी-उंची, लिटर, रिकामं वजन आणि हीटर-पंपाचे किलोवॅट. आधीच्या एका दुकानदाराने नुसतं 'सिक्स सीटर, प्रीमियम' लिहून दिलं होतं. आकडे मागितल्यावर त्याने "मॅडम, विश्वास ठेवा" म्हटलं, म्हणून आम्ही दुसरीकडे गेलो.

टब आला की पहिल्या दिवशी काठाशी पेन्सिलने पाण्याची खूण करा, कव्हर लावून रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पाणी खुणेवर असेल आणि प्लिंथच्या कडेला ओल नसेल तर हीटर चालू करायला हरकत नाही. कव्हरला कुलूप लावायचे पट्टे असतात, ते पहिल्याच दिवसापासून वापरा. आमच्या कुलपाची किल्ली देवघरातल्या वरच्या खिळ्याला असते. धाकट्याचा हात तिथे अजून पोहोचत नाही, आणि नवऱ्याला ती मागायला सासूबाईंकडे जावं लागतं.